फाटकावरचे अधिकार

सोमवार, ३ जानेवारी १९५५. सकाळी ७

नवीन वर्ष सुरू होऊन तीन दिवस झाले, पण डायरी आजच सापडली. लुईझाने तिच्यावर वाटाण्याचं भांडं ठेवलं होतं. आता रोज लिहिणार.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. मिशी वाढवणे. ड्यूटीवर बाकावर न बसणे. विनाकारण न बोलणे, सरकारी माणसाला ते शोभत नाही.

आज उठायला साडेसहा झाले. थंडी होती. उद्यापासून.

बुधवार, ५ जानेवारी

पहाटे पाचला जाग आली होती, पण लुईझाची झोपमोड होईल म्हणून उठलो नाही.

मोठी बातमी. कचेरीतला पेपर एक दिवस शिळा होऊन मला मिळतो. मी जेवतो आणि व्हेरोनिका वाचून दाखवते. शाळेत मास्तरीण असल्याने तिचं वाचन खणखणीत आहे. आज तिने वाचलं की मुंबई सरकार सरकारी इमारतींच्या रक्षणासाठी वेगळं पोलीस दल काढणार, आणि त्या दलाचे अधिकार ठरवणारं बिल येत्या अधिवेशनात मांडणार. मी घास हातातच ठेवून तीनदा वाचायला लावलं.

आगाशीच्या या सरकारी इमारतीवर मी अकरा वर्षं रखवालदार आहे. दोन खोल्या, एक ओटा, एक फाटक, एक विहीर. एवढं सगळं सांभाळायचं, आणि अधिकार काय, तर काठी. शेवटी मुंबईत कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं.

व्हेरोनिकाने बातमी कात्रीने कापून डायरीत ठेवून दिली. म्हणाली, पापा, आता तुम्हाला सलाम करावा लागणार. गुणाची पोर आहे.

रविवार, ९ जानेवारी

चर्चमधल्या मिस्सानंतर व्हेरोनिकाच्या लग्नाची बोलणी पक्की झाली. मुलगा भुईगावचा कॉन्रॅड, फोर्टात एका कंपनीत टायपिस्ट. लग्न रविवारी २० फेब्रुवारीला. त्याच्या पुढच्या बुधवारपासून उपासकाळ लागतो, मग ईस्टरपर्यंत लग्न नाही. म्हणजे हीच तारीख, इकडची तिकडे होणार नाही.

मुलाचे वडील हिलरी रेल्वेत गार्ड होते, आता पेन्शनीत. चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काय प्लासिड, आपण दोघेही गार्डच! सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत मला कळलं नाही की मी का हसलो. ते गाडीचे गार्ड. त्यांनी झेंडा दाखवला की सबंध गाडी सुटायची. मी काठी दाखवली तर बकरीसुद्धा बघत नाही.

वीस फेब्रुवारीच्या आत मी पोलीस झालो पाहिजे. मुलीला चर्चमध्ये हात धरून नेताना छातीवर सरकारचा बिल्ला असावा. ती एवढी वर्षं मला पेपर वाचून दाखवते, तिच्या सासरी माझी ओळख नीट व्हावी एवढंच माझं म्हणणं आहे.

बुधवार, १२ जानेवारी

कचेरीतले हेडक्लार्क दिघेसाहेब यांना सहज विचारलं की बिलात माझं नाव असेल का. म्हणाले, बिलात नावं नसतात. मग हुद्दा असेल का? म्हणाले, प्लासिड, आधी पिण्याचं पाणी आणून ठेव.

साहेबांना वरून काही कळलेलं दिसत नाही. गुप्त असेल.

रविवार, १६ जानेवारी

मिशी दिसू लागली आहे. लुईझा म्हणते, तोंड पुसा.

इथे विहिरीबद्दल लिहून ठेवतो. आमच्या आळीत पाच-सहा विहिरी आहेत, पण गोडं पाणी फक्त सरकारी आवारातल्या विहिरीला. सकाळ-संध्याकाळ सबंध आळी हंडे घेऊन फाटकातून येते-जाते. ना नाव, ना गाव, ना परवानगी. अर्नाळ्याची हंसाबाई मासळीची पाटी घेऊन आवारातूनच शॉर्टकट मारते आणि जाता जाता विहिरीवर पाय धुते. सरकारी पाण्याने!

अकरा वर्षं मी हे उघड्या डोळ्यांनी पाहत आलो, कारण अधिकार नव्हते. मधूनमधून ओरडायचो. कोणाचा हंडा आधी, कोणाचा नंतर, ते मात्र मी ठरवायचो आणि सगळे ऐकायचे. हंसाबाई कधी दोन बोंबील ठेवून जायची. पण ती काही पद्धत नव्हे. आता सगळं कायद्याने.

गुरुवार, २० जानेवारी

शिट्टी आणली. स्टेशनजवळच्या दुकानातून. आवाज चांगला आहे.

आज हंसाबाई फाटकातून आत आली तेव्हा वाजवली. ती दचकली आणि पाटी कलंडली. मग तिने मला जे ऐकवलं ते डायरीत लिहिता येण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहितो: पानी काय तुज्या सरकारच्या बापानं खनलं हाय का?

मी शांतपणे सांगितलं की सरकारला बाप नसतो. पापलेटं गोळा करायला मदत केली. पुन्हा अशी मदत करायची नाही, दरारा राहत नाही.

बुधवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. दोरी ओढायचं काम माझ्याकडे. गाठ सुटेना. दिघेसाहेब हात वर करून उभे होते, त्यांचा हात दुखू लागला. शेवटी व्हेरोनिकाच्या शाळेतून आलेल्या एका बाईने गाठ सोडली. दोष दोरीचा.

संध्याकाळी लुईझाने उंबराच्या पाण्याचा विषय काढला. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीकडचे सगळे वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या आंघोळीसाठी पाणी काढतात आणि पुन्हा वाजतगाजत घरी आणतात. पुढे बँड, मागे घुमट वाजवणारे, मध्ये नवरीचा मामा. ते पाणी आमच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या याच विहिरीचं. लुईझाचं लग्नाचं पाणी इथलंच, तिच्या आईचंही इथलंच. ती म्हणाली, शनिवारी १९ला साठ-सत्तर माणूस येईल, फाटक सताड उघडं ठेवा.

मी म्हणालो, बघू.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच म्हणालो, बघू म्हणजे उघडं ठेवू.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

पहाटे उठण्याचा संकल्प रद्द करत नाही, लग्नानंतर ढकलत आहे.

गुरुवार, १० फेब्रुवारी

बिल मांडलं!

पेपरात तिसऱ्या पानावर आहे. दलातला शिपाई सरकारी आवारात विनापरवाना शिरणाऱ्याला थांबवू शकेल, नाव-गाव-उद्देश विचारू शकेल, आणि बंद वेळेनंतर आत सापडलेल्याला पोलीस येईपर्यंत ताब्यात ठेवू शकेल. व्हेरोनिका वाचता वाचता म्हणाली, पापा, नुसतं मांडलंय, अजून चर्चा व्हायची, दुरुस्त्या व्हायच्या. मी तिला सांगितलं, सरकारने ताट मांडलं म्हणजे जेवायचंच असतं.

ती हसली. पण मग म्हणाली, १९च्या शनिवारी मात्र असं काही करू नका हं. मी म्हणालो, शनिवारी तर करायलाच हवं. स्वतःच्या मुलीला एक कायदा आणि आळीला दुसरा, असं केलं तर लोक काय म्हणतील? तिचं हसू गेलं. मी समजावलं की काळजी करू नको, सगळं नियमात बसवू. नुसती नोंद करायची.

तेव्हा तिने स्वतःच शाळेतून एक कोरं रजिस्टर आणून लाल पेन्सिलीने रकाने आखून दिले. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, उद्देश, आत, बाहेर. सुंदर आखले आहेत. म्हणाली, एवढ्यावरच भागवा, पापा. प्लीज.

सोमवार, १४ फेब्रुवारी

रजिस्टरचा पहिला दिवस. नोंदी: अकरा. पळून गेलेले: सुमारे चाळीस. हंसाबाईने नाव सांगितलं, हंसा. नवऱ्याचं नाव घेणार नाही म्हणाली. रीत नाही. गाव समुद्र. उद्देश: तुजं डोकं. तसंच लिहिलं.

बंद वेळ कुठली हाही प्रश्न होता. इमारतीत घड्याळ नाही. दिघेसाहेबांकडे आहे, पण ते चारला जातात आणि घड्याळही घेऊन जातात, मग मी उन्हावरून अंदाज करतो. मी ठरवलं: चर्चची संध्याकाळची घंटा झाली की फाटक बंद. घंटा अनेक वर्षं बिनचूक आहे. अँसेल्म ती वाजवतो, आणि अँसेल्मला देवाची भीती आहे.

फाटकावर पाटी लावली: घंटेनंतर आत सापडल्यास ताब्यात. हुकुमावरून. कोणाच्या हुकुमावरून ते लिहायला फळी पुरली नाही.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

माझा मेहुणा आग्नेल, म्हणजे व्हेरोनिकाचा मामा, आज येऊन गेला. केळीच्या वाडीवाला, खांदे बैलासारखे. पाटी वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. मला म्हणाला, प्लासिड, ही विहीर माझ्या आज्याने खणली. जागा सरकारला दिली तेव्हा पानी आळीचं राहील असं बोलून दिली. मी विचारलं, कागद आहे का? तो म्हणाला, आज्याचा शब्द होता. मी म्हणालो, शब्द रजिस्टरमध्ये बसत नाही.

लुईझा त्या क्षणापासून माझ्याशी बोलत नाही. घर शांत आहे. शांततेत विचार चांगले सुचतात.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

मिशी उद्यापर्यंत पोलिसी होणार नाही. काजळाने जरा गडद करता येईल. व्हेरोनिकाचं काजळ मागितलं. तिने दिलं आणि विचारलं, पापा, उद्या तुम्ही आमच्याबरोबर चालणार ना? बँडच्या मागे, मामाच्या शेजारी?

मी सांगितलं की चालणार, पण फाटकापर्यंत. फाटकात मी ड्यूटीवर. आत गेल्यावर पुन्हा बाप.

ती कपड्यांच्या घड्या घालू लागली. समजूतदार आहे.

शनिवार, १९ फेब्रुवारी

शांतपणे आणि क्रमाने लिहितो. पुढे-मागे चौकशी झाली तर ही नोंद उपयोगी पडेल.

पाचच्या सुमारास वरात फाटकावर आली. बँड, दोन घुमटं, लाल लुगडी, मध्ये आग्नेल, त्याच्या शेजारी व्हेरोनिका. एकूण बासष्ट. मी कोट घालून, टेबल मांडून, रजिस्टर उघडून तयार होतो. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. बँडवाल्यांना सांगितलं की नोंद होईपर्यंत वाजवत राहा, म्हणजे वेळ जाईल.

पहिलं नाव माझ्या मुलीचं लिहिलं. उद्देश: लग्नाचं पाणी. मग लुईझा. तिने नाव सांगितलं नाही, पण ते मला माहीत होतं. मग आग्नेल, मग मावश्या, आत्या. म्हातारी माणसं बापाचं नाव सांगता सांगता बापाची गोष्टच सांगू लागतात, त्यामुळे जरा उशीर झाला. साडेपाचपर्यंत सत्तावीस नोंदी. हे काही वाईट नाही.

आणि घंटा झाली.

माझी यात काहीही चूक नाही हे मला स्पष्ट लिहायचं आहे. अँसेल्म घुमट वाजवणाऱ्यांतला. त्याला वाटलं, एकदाची घंटा वाजवून मोकळं व्हावं, म्हणजे मग लग्नघरी निवांत बसता येईल. म्हणून वरात फाटकावर सोडून तो चर्चला पळत गेला आणि तासभर आधीच घंटा वाजवून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मुलीच्या लग्नालाच त्याला हे सुचावं!

घंटा ऐकल्यावर बँड थांबला. सगळे जागच्या जागी उभे राहिले, टोप्या काढल्या, प्रार्थना म्हटली. मीही म्हटली. आमेन झाल्यावर मी उठलो आणि फाटक बंद करून कुलूप लावलं.

सत्तावीस आत. पस्तीस बाहेर, त्यात बँड. ऊन अजून ओट्यावर होतं हे मला दिसत होतं. पण नियम घंटेचा होता, उन्हाचा नव्हता.

आतल्यांना मी सांगितलं की बंद वेळेनंतर आत सापडल्याने तुम्ही सगळे ताब्यात आहात, काळजीचं कारण नाही, पाणी काढून घ्या, पोलीस येतीलच. एक मावशी रडू लागली. बाहेरच्या एका म्हाताऱ्याने बँडला शोकगीत वाजवायला सांगितलं, तो चावटपणा होता. व्हेरोनिका फाटकाच्या आतून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, पापा, उघडा. एकदाच म्हणाली. मी म्हणालो, बेटा, दोन मिनिटं, कायदा आहे. त्यानंतर ती बोलली नाही.

शिट्टी वाजवली. योगायोगाने चौकीवरचा जमादार सायकलवरून आलाच. दारूबंदी असल्याने तो खरं तर लग्नघरी बाटली-बिटली आहे का ते हुंगायला आला होता. त्याने विचारलं, ताब्यात कोण? मी रजिस्टर वाचून दाखवलं: माझी मुलगी, माझी बायको, माझा मेहुणा. त्याने विचारलं, कोणत्या कायद्याने? मी डायरीतलं कात्रण दाखवलं. त्याने ते उलटून मागची जाहिरातही वाचली. मग म्हणाला, हे तर नुसतं बिल आहे.

तेवढ्यात मागे करकर आवाज झाला. आग्नेलने फाटकाचं एक दार बिजागरीतून उचललं होतं. दोन्ही हातांत धरून, कुलपासकट. ते त्याने भिंतीला नीट टेकवून ठेवलं, घाई केली नाही. मग सगळ्या बायका डोक्यावर कळशा घेऊन बाहेर पडल्या, बँड वाजू लागला आणि वरात घरी गेली. मी रजिस्टरमध्ये 'बाहेर' या रकान्यात वेळ भरत होतो. एकाने दोन बायकांच्या मधून सुटताना माझ्या मिशीला बोट लावलं, काजळ आलं त्याच्या बोटाला.

फाटक उघडं टाकून जाता येत नाही. उजाडेपर्यंत पहारा करणार, इथे बसूनच लिहितो आहे. घुमटाचा आवाज घरून येतो आहे, छान वाजवत आहेत.

रविवार, २० फेब्रुवारी. दुपारी

लग्न उत्तम झालं. फादरनी छान उपदेश केला. व्हेरोनिका सुंदर दिसत होती.

तिला चर्चमध्ये आग्नेलने नेलं. सकाळी लुईझाने येऊन एवढंच सांगितलं की पोर म्हणते, पापा ड्यूटीवर आहेत, मामा नेईल. मी परवानगी दिली. फाटक उघडं असल्याने मला निघायला तसा उशीरच झाला होता. मागच्या बाकावर बसलो. तिथून सगळं नीट दिसतं, पुढच्या बाकावरून मान अवघडते.

हिलरी भेटले. पाठीवर थाप मारली नाही.

निघताना व्हेरोनिकाने सगळ्यांचा निरोप घेतला. लुईझाच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडली, पण बोलली नाही. गर्दी होती.

बुधवार, २३ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेतली. फादर राख लावताना 'माणसा, तू माती आहेस' असं म्हणतात, ते आज माझ्याकडे जास्त वेळ बघून म्हणाले असं वाटलं. उपासकाळात शिट्टी न वाजवण्याचा संकल्प.

फाटक अजून भिंतीला टेकलेलं आहे. सुताराला विचारलं, म्हणाला, आग्नेलला विचारून लावतो.

सोमवार, ७ मार्च

भुईगावला जाऊन आलो. लुईझाने मुलीसाठी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवली होती. व्हेरोनिका शाळेत गेली होती, असं हिलरी म्हणाले. सोमवारी शाळा असतेच. शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा जावं का असा विचार केला, पण एसटीची वेळ झाली होती. तिने मला ओट्याच्या खिडकीतून पाहिलं असावं असं वाटलं. पडदा हलला. वारा असेल, समुद्र जवळच आहे.

आता पेपर मी स्वतः वाचतो. अक्षरं बारीक केली आहेत त्यांनी.

शनिवार, १९ मार्च

बिल पास! आता बघा म्हणावं.

आग्नेलला निरोप पाठवला की कायदा झाला आहे, फाटकाला हात लावल्यास परिणाम होतील. त्याने निरोप पाठवला की फाटक त्यानेच परवा लावून दिलं, मी बघितलं नाही का? खरंच लावलं आहे. मी समोरूनच येतो-जातो, लक्ष नव्हतं.

गुरुवार, ३१ मार्च

गॅझेट आलं. आणि वरच्या कचेरीतून माझ्या नावाचा कागद आला की तुम्हाला दलात घेतलं आहे, क्रमांक ४१७. बिल्ला मागाहून. मी दिघेसाहेबांना सलाम ठोकला. मग त्यांना म्हणालो, अधिकार वाचा.

साहेबांनी चष्मा लावून सगळी कलमं वाचली. दुरुस्त्या बऱ्याच झाल्या आहेत. थांबवण्याचा अधिकार काढला. ताब्यात ठेवण्याचा काढला. झडतीचा तर आधीच नव्हता. वहिवाटीने पाणी भरणाऱ्यांना कोणी अडवू नये असं एक कलम घातलं आहे. कोणाचा हंडा आधी, कोणाचा नंतर, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे, म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, कोणालाच नाही, आता कायद्यात नाही ते तुला करता येणार नाही.

म्हणजे काल करता येत होतं, मी म्हणालो. साहेबांनी विचार करून सांगितलं, हो, काल येत होतं.

मग मला उरलं काय? एक कलम. कलम सहा. आवारात आलेल्याला नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि येण्याचा उद्देश विचारता येईल, आणि विचारल्यावर उत्तर देणं त्या माणसावर बंधनकारक राहील. एवढंच.

दिवसभर वाईट वाटलं. पण संध्याकाळी फाटकावर उभा असताना एक गोष्ट सुचली आणि एकदम हलकं वाटलं. विचारल्यावर उत्तर देणं बंधनकारक. कोणालाही! व्हेरोनिका ईस्टरला येणार, लुईझा शेजारणीला सांगत होती. आणि आमच्या पोरी माहेरी आल्या की पहिल्यांदा विहिरीवर जातातच.

शनिवार, २ एप्रिल

तयारी: कोट धुतला. मिशी काढून टाकली, व्हेरोनिकाला ती आवडत नव्हती. बाकावर बसून वाट बघण्याची सवय करत आहे. हंसाबाईवर सराव केला. नाव? हंसा. नवऱ्याचं नाव? तुजं काय आडलंय? कायद्याने बंधनकारक आहे, असं मी म्हणालो. तिने कंबरेवर हात ठेवून बापाचं नाव सांगितलं, ते सांगायला हरकत नाही म्हणाली. बाप वारून वीस वर्षं झाली, असंही तिनेच सांगितलं, आणि डोळे पुसून पाण्याकडे गेली. मला कळेना की आता काय करायचं. कलमात पुढे काही नाही.

शुक्रवार, ८ एप्रिल

गुड फ्रायडे. लुईझा आज बोलली. म्हणाली, ती सोमवारी सकाळी येते, चारच्या एसटीने जाते. तुम्ही शहाण्यासारखे वागा. मी म्हणालो, मी कायद्यासारखा वागणार. ती उठून आत गेली.

मी मनात काय बोलायचं ते ठरवलं आहे. आधी विचारायचं, नाव? ती म्हणणार, व्हेरोनिका. बापाचं नाव? ती म्हणणार, प्लासिड. मग मी म्हणणार, अरे, हे नाव ओळखीचं वाटतं. मग ती हसणार. तिला हसायला वेळ लागत नाही. मग उघड उघड सगळं सांगून टाकायचं की बेटा, त्या दिवशी माझं चुकलं. हे डायरीत पहिल्यांदाच लिहितो आहे. तिला मात्र सोमवारी तोंडाने सांगेन.

सोमवार, ११ एप्रिल. संध्याकाळी ५

आली.

कॉन्रॅडला घरात बसवून एकटीच कळशी घेऊन आली. लाल लुगडं, नवं. तब्येत सुधारली आहे. फाटकात माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून पुढे निघाली. मी उठून उभा राहिलो. रजिस्टर उघडलं, कलम सहाचा आधार घेतला आणि म्हणालो, नाव?

ती थांबली. एक्कावन्न दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला. म्हणाली, व्हेरोनिका.

मी लिहिलं. मग दुसरा रकाना, तिनेच लाल पेन्सिलीने आखलेला. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव?

ती म्हणाली, कॉन्रॅड.

मी पेन्सिल तशीच धरून उभा राहिलो. तिने बरोबर सांगितलं होतं, कायद्याला तेवढं पुरतं. मी पुन्हा विचारू शकत नव्हतो. गाव? भुईगाव. उद्देश? पाणी.

पुढचं सगळं, जे शुक्रवारी ठरवलं होतं, ते अगदी जिभेवर होतं. पण तिने चार उत्तरं दिली होती, आणि कलमात तेवढीच आहेत. मी म्हणालो, जा आत.

तिने पाणी काढलं. परत जाताना फाटकाशी जरा थांबली, असं वाटलं. मी 'बाहेर' या रकान्यात वेळ लिहीत होतो, मान वर करेपर्यंत ती घराकडे वळली होती.

चारच्या एसटीला मी गेलो नाही. ड्यूटी होती. साडेचारला शेवटचा हंडा भरून गेला, तेव्हापासून आवारात कोणी नाही.